जड गोळीच्या मताचे खंडन

मोठ्या जनावराला जड गोळी हवी, आणि जितकी जड तितकी चांगली, हे मत शिकारी रायफलींच्या जगात इतके मुरले आहे की त्याला पुरावा मागावा असेही कोणाला वाटत नाही. .४५८ विंचेस्टर मॅग्नमसाठी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची गोळी प्रमाण मानतात. ती ज्यांना अपुरी वाटली त्यांच्यासाठी ५५० ग्रेनची निघाली, आणि ६०० ग्रेनपर्यंत जाणारेही आहेत. .३७५ हॉलंड अँड हॉलंडची नेहमीची गोळी ३०० ग्रेनची. तिच्याऐवजी ३५० ग्रेनची घालतात. .४१६ मध्ये ४०० च्या जागी ४५०. या वाढीव ग्रेनांमुळे हत्ती किंवा आफ्रिकेतला रानरेडा अधिक खात्रीने मरतो, असा दावा आहे. तो दावा अर्धाच खरा आहे. पूर्ण खोटे मत लवकर उघडे पडते. अर्धे खरे मत पिढ्यान्पिढ्या टिकते, आणि त्याची किंमत जखमी जनावर आणि त्याच्या मागावर झुडपात शिरणारा माणूस मोजतो. म्हणून त्याचे खंडन नीट, आकड्यांनिशी व्हायला हवे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय पुस्तकांत आणि जुन्या संस्थानांच्या शस्त्रसंग्रहांत उरला. तो असावा तिथेच राहिला, याबद्दल मला काडीचाही खेद नाही. पण आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागांत परवान्याने शिकार आजही चालते. शिवाय जिम कॉर्बेट आवडीने वाचणाऱ्या आपल्या वाचकाच्या मनात ‘जड रायफल, जड गोळी’ हे चित्र पक्के बसलेले असते. कॉर्बेटकडे ४०० ग्रेनची गोळी टाकणारी .४५०/४०० दुनळी होती हे खरे. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मात्र १९२६ मध्ये त्याने मारला तो .२७५ रिग्बी या हलक्या रायफलीने.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या बळकट रूपात मांडतो.

जड गोळीचे समर्थक म्हणतात: गोळी किती खोल जाईल हे तिचे वजन आणि जाडी यांच्या गुणोत्तरावर ठरते. पौंडातले वजन इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागले की येणाऱ्या आकड्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .४५८ च्या ५०० ग्रेन गोळीची ती ०.३४१, ५५० ची ०.३७५, ६०० ची ०.४०९. व्यास तोच राहून वजन वाढले की हा आकडा वाढतो आणि गोळी खोल जाते. दुसरे, जड गोळी संथ जाते, त्यामुळे मऊ नाकाची गोळी हाडावर फुटून तिच्या चिंधड्या होत नाहीत. तिसरे, जड गोळीचा संवेग जास्त, म्हणून ती जनावराला जागीच बसवते. आणि चौथे, जुने थोर शिकारी जड गोळ्याच वापरत.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिघांना श्रद्धेचे बळ त्याच्यातून मिळते.

काळ्या दारूच्या काळात गोळीचा वेग सेकंदाला साधारण १,५०० फुटांच्या वर नेणे अवघड होते. वेग वाढत नाही, मग जोर वाढवायला वजन हा एकच मार्ग. त्यातून चार-बोअरच्या बंदुका आल्या, म्हणजे एक पौंड शिशातून जिच्या मापाच्या चार गोळ्या होतात ती नळी. फ्रेडरिक सेलूसने १८७० च्या दशकात आफ्रिकेत तीन हंगामांत ७८ हत्ती मारले ते असल्याच, बर्मिंगहॅमच्या हॉलिसने बनवलेल्या तोंडाने भरायच्या बंदुकांनी. समर्थक ७८ हा आकडा सांगतात. याच सेलूसने १८८१ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले की या बंदुकांच्या धक्क्याने त्याच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला, पुढे त्याचा नेम बिघडला आणि त्या कधी हातीच धरल्या नसत्या तर बरे झाले असते. ते मात्र सांगायचे राहून जाते. पुढे तो हलक्या .४६१ गिब्जकडे वळला.

आता समर्थकांचीच मोजपट्टी त्या बंदुकीला लावू. पाव पौंडाची, म्हणजे १,७५० ग्रेनची शिशाची गोल गोळी, व्यास सुमारे १.०५ इंच. सेक्शनल डेन्सिटी भरते ०.२२६. तिच्या शेजारी वॉल्टर बेलची गोळी ठेवा. ‘कारामोजो’ बेलने विसाव्या शतकाच्या आरंभी हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुसंख्य .२७५ रिग्बीच्या, म्हणजे ७ मिलिमीटर मॉझरच्या १७३ ग्रेन पूर्ण कवचाच्या गोळीने. तिची सेक्शनल डेन्सिटी ०.३०६. जी गोळी दहापट हलकी, तिचे गुणोत्तर सव्वापटीहून जास्त! म्हणजे जुन्या थोरांच्या जड गोळ्यांचा दाखला खुद्द समर्थकांच्या सिद्धान्ताविरुद्ध जातो. त्या गोळ्या खोल जात नसत, म्हणूनच त्या एवढ्या मोठ्या कराव्या लागल्या.

इथे एक खबरदारी. बेलचे उदाहरण देऊन हत्तीला हलकी रायफल पुरते असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभे करू नये. बेलने हत्तीच्या कवट्या करवतीने कापून मेंदूची जागा अभ्यासली होती, तो बहुतेक वेळा न बिथरलेल्या कळपांवर बार टाकी आणि त्याच्यासारखा नेम शेकड्यात एकाचाही नसतो. त्याच्यावरून एवढेच सिद्ध होते की खोली वजनाने आपोआप येत नाही.

आता पहिल्या मुद्द्याकडे. त्यातला खरा भाग मी पूर्ण मान्य करतो. न फुटणारी, सरळ जाणारी गोळी मांसासारख्या माध्यमात शिरली की तिला होणारा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यावरून गणित केले तर खोली सेक्शनल डेन्सिटीच्या सरळ प्रमाणात येते आणि वेगाच्या फक्त लॉगरिदमच्या प्रमाणात. म्हणजे कागदावर वजन वेगापेक्षा बलवान ठरते. .४५८ मध्ये ५०० ग्रेन गोळी सेकंदाला २,१३० फुटांनी जाते असे धरा. तेवढ्याच ऊर्जेने ६०० ग्रेनची टाकली तर वेग १,९४५ वर येतो. वजन वीस टक्के वाढले, खोली सुमारे तेरा टक्के वाढली. लाभ आहे, नाही असे म्हणणारा खोटे बोलतो.

पण ‘तेवढ्याच ऊर्जेने’ हे गृहीतकच मोडते. .४५८ विंचेस्टर १९५६ मध्ये बाजारात आली. नेहमीच्या लांबीच्या यंत्रणेत बसावी म्हणून तिची पुंगळी अवघी अडीच इंचांची ठेवली. त्या आखूड पुंगळीत पुरेशी दारू मावावी म्हणून ती दाबून भरावी लागे. साठून राहिलेल्या काडतुसांत ती दारू घट्ट गोळा होऊन नीट पेटत नसे, अशा तक्रारी आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केल्या. वेग मोजला तर तो पुष्कळदा २,००० फुटांच्याही खाली निघे. या रायफलीचे दुखणे जागेचे आहे. आता तिच्यात ६०० ग्रेनची गोळी बसवा. व्यास तोच, म्हणून वाढलेले १०० ग्रेन लांबीतच जाणार. शिशाच्या गाभ्याची गोळी सुमारे साडेपाच मिलिमीटर लांबते. मॅगझिनमुळे काडतुसाची एकूण लांबी ठरलेली असते, म्हणून ती वाढ आत सरकते आणि पुंगळीतली सुमारे ०.६ घन सेंटिमीटर जागा खाते. निव्वळ तांब्याची गोळी असेल तर तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे ती जवळपास सात मिलिमीटर लांबते आणि जागा आणखी जाते. ज्या भांड्यात आधीच दारू मावत नव्हती त्यातूनच हा भाग कापला जातो. कागदावरचे तेरा टक्के इथे झिजू लागतात.

जॅक लॉटची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने त्याला जबर जखमी केले, हातात .४५८ विंचेस्टर होती. त्यातून त्याने पुढे, १९७१ च्या सुमारास, स्वतःचे काडतूस घडवले. ज्याच्या अंगावर रेडा आला त्या माणसाने गोळीचे वजन वाढवले नाही. ५०० ग्रेनच ठेवून पुंगळी २.८ इंचांची केली आणि वेग २,३०० फुटांवर नेला. .४५८ लॉट आजही लोक विश्वासाने वापरतात.

समर्थकांकडे या बाबतीत एक चांगला दाखला आहे, तो .३३३ जेफरीचा. तिची ३०० ग्रेनची लांबलचक गोळी, सेक्शनल डेन्सिटी ०.३८६, खोल शिरण्याबद्दल नावाजलेली होती. पण ती रायफल मुळात त्या गोळीभोवती बांधलेली; पुंगळीत जागा, नळीत पुरेसा पीळ, दर्शकांची आखणी, सारे तिच्या हिशेबाने. प्रमाण गोळीसाठी बांधलेल्या रायफलीत अतिजड गोळी कोंबणे ही अगदी वेगळी गोष्ट.

आणि धक्का? तेवढ्याच ऊर्जेने ६०० ग्रेन टाकले तर नऊ पौंडी .४५८ च्या धक्क्याची ऊर्जा सुमारे एक सप्तमांशाने वाढते. ती आधीच .३०-०६ च्या तिपटीच्या घरात असते. जनावराच्या अंगात तेरा टक्के जास्त खोली मिळवायची आणि खांद्यावर चौदा टक्के जास्त मार घ्यायचा, हा सौदा आहे. रानरेड्याच्या शिकारीत पहिल्या गोळीनंतरचे दोन सेकंद दुसरी गोळी नेमकी जाते की नाही यावर ठरतात. धक्क्याला भिऊन डोळे मिटणाऱ्याची गोळी पोटात बसते. पोटात बसलेली ६०० ग्रेनची गोळी छातीत बसलेल्या ४०० ग्रेनच्या गोळीपुढे काहीच नाही, आणि पोटात गोळी घेऊन पळालेले जनावर तासन्‌तास यातना भोगते. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. जड गोळीचे समर्थन करणारे बंदुकीच्या पुढच्या टोकाचा विचार करतात, मागच्या टोकाला असलेल्या माणसाचा करत नाहीत.

तिसरा मुद्दा, जनावराला ‘बसवण्याचा’. याचे मूळ जॉन ‘पोंडोरो’ टेलरच्या सूत्रात आहे. गोळीचे ग्रेन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून ७,००० ने भागायचे. जो आकडा येईल तो ‘नॉक-आउट’ मूल्य. १९४८ च्या आपल्या ग्रंथात टेलरने तो मांडला तो मर्यादित कामासाठी: हत्तीच्या डोक्यात गोळी लागली पण मेंदू थोडक्यात हुकला, तर त्याला किती भोवळ येईल याची तुलना करण्यासाठी. खोलीचा किंवा गोळीच्या बांधणीचा त्या सूत्रात मागमूस नाही. खुद्द टेलर .३७५ चा मोठा चाहता होता, जिचे मूल्य जेमतेम ४० भरते. पण सूत्र वापरणाऱ्यांनी मर्यादा विसरून आकडा घेतला, आणि ग्रेन वाढले की आकडा वाढतो म्हणून जड गोळीला शास्त्राचा शिक्का मिळाला.

हे सूत्र क्रिकेटच्या चेंडूला लावून पाहा. चेंडू १६० ग्रॅमचा, म्हणजे २,४६९ ग्रेन. वेगवान गोलंदाजाचा वेग ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १२७.६ फूट, व्यास २.८४ इंच. उत्तर येते १२७.८. हत्तीसाठीची .५७७ नायट्रो एक्स्प्रेस ७५० ग्रेनची गोळी २,०५० फुटांनी टाकते. तिचे मूल्य १२८.५. जे सूत्र चेंडूला आणि .५७७ ला एकाच पंक्तीला बसवते त्याच्यावरून गोळीचे वजन ठरवू नये.

बसवण्याचा भौतिक हिशेबही सरळ आहे. ५०० ग्रेनची गोळी २,१३० फुटांनी ७०० किलोच्या रेड्याला लागून आतच राहिली, तर तिचा सगळा संवेग मिळून रेड्याला सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटर वेग देतो. ६०० ग्रेनची १,९४५ फुटांनी लागली तर ३.३ सेंटिमीटर. रेडा कोसळतो तो मेंदू किंवा मज्जारज्जू तुटल्याने, हाड मोडल्याने, नाही तर रक्तदाब उतरल्याने. ढकलल्याने कोसळत नाही.

आता राहिला दुसरा मुद्दा, मऊ नाकाची गोळी संथ वेगात टिकते हा. एके काळी हे अगदी खरे होते. शिशाच्या गाभ्यावर नुसते तांब्याचे पातळ कवच चढवलेल्या जुन्या गोळ्या वेगात हाडावर आपटल्या की विखरत, आणि जड, संथ गोळी हा त्यावर तोडगा होता. पण रोग बांधणीचा, औषध वजनाचे! १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लरच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या खांद्यावर फुटून वाया गेल्या. त्याने जड गोळी शोधली नाही. गोळीच्या मध्यावर तांब्याची आडवी भिंत घातली, पुढचा भाग फुलला तरी मागचा शाबूत राहील अशी. ती पार्टिशन गोळी १९४८ पासून विकली जाते. पुढे शिसे कवचाला डकवलेल्या गोळ्या आल्या, आणि १९८९ मध्ये बार्न्सची निव्वळ तांब्याची एक्स गोळी.

याचा आकड्यांतला अर्थ पाहा. गोळी फुलली की व्यास वाढतो, आणि सेक्शनल डेन्सिटी व्यासाच्या वर्गाने घटते. समजा ६०० ग्रेनची जुन्या बांधणीची गोळी दुप्पट फुलली आणि पंचमांश वजन सांडून बसली. जनावराच्या आत तिची सेक्शनल डेन्सिटी उरते ०.०८२. समजा ४५० ग्रेनची तांब्याची गोळी दीडपट फुलली आणि वजन टिकवून राहिली. तिची उरते ०.१३६. नळीबाहेर पडताना पहिली पुढे होती, कातडीच्या आत दुसरी कितीतरी पुढे गेली. काडतुसाच्या खोक्यावर छापलेली सेक्शनल डेन्सिटी कातडीपर्यंतच खरी असते. जड गोळीचे सगळे गणित तिथपर्यंतच चालते, आणि समर्थकांनी या एका गोष्टीचा विचार केला असता तर हा वाद कधीच संपला असता.

न फुलणाऱ्या सॉलिड गोळीचे काय? तिथे वजनापेक्षा नाकाचा आकार महत्त्वाचा. गोल नाकाच्या सॉलिडभोवती मांसातला द्रव खांद्यांना चिकटून वाहतो. एका बाजूचा दाब थोडा वाढला की गोळी कलते, वळते, कधी आडवी होते. सपाट नाक द्रवाला बाहेर फेकते, गोळीच्या अंगाभोवती पोकळी तयार होते आणि फक्त नाकच माध्यमाला भिडते. त्यामुळे ती सरळ जाते. ओल्या कागदाच्या गठ्ठ्यांवरच्या चाचण्यांत हा फरक पुनःपुन्हा दिसला आहे. हत्तीच्या कवटीत मेंदूपर्यंत पोचायला जाळीदार हाडाचा मोठा थर ओलांडायचा असतो. तिथे वाट सोडणारी जड गोळी वाट न सोडणाऱ्या हलक्या गोळीपुढे हरते.

याच ठिकाणी माझ्या बाजूच्या काही लोकांचा एक मुद्दा मला सोडून द्यावा लागतो. ते म्हणतात, जड आणि लांब गोळीला .४५८ चा पीळ पुरत नाही. वुलिचच्या ग्रीनहिलने १८७९ मध्ये दिलेल्या नियमाने पाहिले तर चौदा इंचांत एक फेरा घेणारी .४५८ ची नळी सव्वादोन इंच लांबीपर्यंतची शिशाची गोळी हवेत सांभाळू शकते. ६०० ग्रेनची गोळी त्याहून बरीच आखूड असते. म्हणजे आक्षेप चुकीचा. मांसात मात्र कोणताच पीळ पुरेसा नसतो, कारण मांस हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट आहे. तिथे नाकच गोळीला वाटेवर ठेवते.

जरुरीपेक्षा जास्त खोलीही निर्दोष नसते. रानरेडे कळपाने राहतात. आरपार गेलेली गोळी मागच्या म्हशीत शिरते, आणि ती जखमी झाल्याचे कोणाला कळतही नाही. छातीच्या पलीकडच्या कातडीपर्यंत पोचणारी गोळी पुरी. त्यापुढची प्रत्येक इंच खोली दुसऱ्या जिवाच्या माथी जाते.

शेवटी दुनळी रायफलींबद्दल, कारण जुन्या दुनळ्यांत जड गोळ्या घालण्याची हौस वाढते आहे. या रायफलींचा भारताशी जवळचा संबंध. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानात .४५० ची आयात बंद केली, कारण ती काडतुसे बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडतील ही भीती. त्यातून .४६५, .४७०, .४७५ ही मापे जन्मली. या प्रत्येक दुनळीच्या नळ्या कारागीर एकाच वजनाच्या, एकाच वेगाच्या गोळीसाठी जुळवतो. बार उडताना उजवी नळी वर आणि उजवीकडे सरकते, डावी वर आणि डावीकडे. ते सरकणे धरून दोन्ही नळ्या पुढे किंचित जवळ आणलेल्या असतात. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, सरकणे वाढते, आणि दोन्ही गोळ्या एकमेकींपासून फाकतात. त्यावर ती कठीण तांब्याची असली तर जुन्या पातळ नळ्यांवर अवाजवी ताण येतो. शतकापूर्वीच्या कारागिराने महिनाभर खपून केलेली जुळणी शंभर ग्रेनांच्या हव्यासापायी घालवायची, याला माझ्या मते अपराध म्हणावे.

निर्णय असा. .४५८ ला ५०० ग्रेन, .४१६ ला ४००, .३७५ ला ३०० ही वरची मर्यादा समजावी. फुलणारी गोळी बांधणी पाहून निवडावी, सॉलिड सपाट नाकाची घ्यावी, आणि दुनळीत तिच्यावर कोरलेल्या वजनाखेरीज दुसरे वजन घालू नये. ज्याला यापेक्षा जड गोळी टाकायची असेल त्याने ती गोळी जिच्यासाठी घडवली आहे ती मोठी रायफल घ्यावी. आणि तिचा धक्का सोसून दुसरी गोळी नेमकी टाकता येत नसेल, तर हत्ती आणि रेडा यांच्या वाटेला जाऊ नये.